सदुसष्ट जागा

समुद्राचा नकाशा दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते लोकांच्या कॉम्प्युटर-टॅबवर विनातक्रार बसावं म्हणून बांधून देण्याचं काम मी हौसेनं करते; नोकरी बोईसरच्या एका लॅबमध्ये. माझा नियम एकच. लोकांना पक्की आवृत्ती द्यायची. रोज नवी निघणारी कच्ची आवृत्ती मागणाऱ्या उतावळ्यांना मी चार वर्षं वाटेला लावत आले.

गेल्या हिवाळ्यात बाबांनी, घिवलीच्या शांताराम तांडेलांनी, मला समुद्रातल्या सदुसष्ट जागा सांगितल्या. कुठे घोळ मासळी मिळते, कुठे खडकाला जाळं फाटतं. आमच्यात असल्या जागा सख्ख्या भावालाही कोणी सांगत नाही. बाबांनी आधी दार लावलं.

"टॅबमदी ठेव. दुसरीकडं कुटंच नको," ते म्हणाले. "जागा बाहेर गेली का आपली नाय रायली."

जगाला 'प्रत काढून ठेवा' म्हणून ओरडणारी मी, मुकाट्यानं हो म्हणाले आणि बोटीवरच्या टॅबमधल्या नकाशात सदुसष्ट खुणा केल्या.

जूनमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

नारळी पौर्णिमेच्या आधी माझा भाऊ देवू तो टॅब घेऊन आला. त्यातला नकाशा उघडताना अडकत होता.

"ताई, यंदा बोट मीच नेनार. बाबांच्या जागा नाय दिसल्या तर जाऊ कुटं?"

पक्क्या आवृत्तीत हा दोष होता, कच्चीत दुरुस्त झाला होता. पुढची पक्की यायला दोन महिने होते. आधी प्रत काढावी असं मनात आलं, पण बाबांना शब्द दिला होता. मी कच्ची बसवली. नकाशा झटकन उघडला. त्यावर एकही खूण नव्हती.

कच्ची आवृत्ती जुन्या खुणा पुसत होती. 'रोजच्या वापरासाठी नाही' असा इशारा तिच्या पानावर होता. त्याचं मराठी मीच केलं होतं. मला रडूसुद्धा आलं नाही. मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना दोष कळवला, नीट, पायरीपायरीनं.

ऑक्टोबरमध्ये पक्की आवृत्ती आली. सोबत माझे आभार: जुन्या खुणा आता सुरक्षित. ती मी लोकांसाठी बांधली. तेव्हाही काही वाटलं नाही.

काल देवूनं टॅब बाबांपुढे धरला. बाबांनी डावं बोट निळ्या पडद्यावर टेकवलं. ते थरथरलं, घसरलं. एका ओळीत अकरा खुणा उमटल्या.

"यातली कंची, बाबा?" देवूनं विचारलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी अकराही ठेवल्या, आणि त्यांची प्रत काढली.