सहीआधीचे वाचन

त्या मंगळवारी सकाळी देवरावांनी मला बनियनच्या टोकाने पुसले, शर्टाच्या खिशात ठेवले आणि लेक पायलबरोबर ते शहरातल्या सदर भागाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. मित्रांनो, मी पितळी कड्याचे, तुटक्या मुठीचे एक जुने भिंग आहे. तो आमचा शेवटचा साधा दिवस होता, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

माझी आठवण कोराडीच्या वीज केंद्रापासून सुरू होते. तिथे देवराव माझ्यातून तबकड्यांवरच्या बारीक रेघा वाचत. ते निवृत्त झाले आणि शेजारी घरकर्जाचे कागद घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. देवरावांना कायदा फारसा कळत नसे. त्यांची रीत एकच. सहीआधी करारनामा घरी मागायचा आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. कागद घरी नेऊ देईल तो कर्ज देणारा सरळ, असे ते म्हणत. त्यांच्या पत्नी सिंधूताई चहा ठेवता ठेवता म्हणत, "माह्याशी लग्न करताना तं एवढं तपासलं नव्हतं तुम्ही." सगळे हसत. मला तेव्हा फार मान होता.

पायलने कन्हान रस्त्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला होता. आईबाबांना भाड्याच्या घरातून तिथे न्यायचे तिच्या मनात होते. बिल्डर आठवडाभरच थांबणार होता. त्या मंगळवारी सदरच्या कर्ज कार्यालयातले साहेब गोड बोलले, व्याजाचा दर तोंडीच सांगितला आणि सहीच्या जागा दाखवल्या. करारनाम्याची प्रत नंतर मिळेल म्हणाले.

"व्याज वाढलं तं हप्ता वाढते का मुदत? हे कुठं लिहिलं हाय, दाखवा," देवरावांनी मला कागदावर धरत विचारले.

"काका, एवढं कोण वाचतं?" साहेब हसले. कागद सहीआधी बाहेर जाणार नाही, हेही त्यांनी सांगितले.

पायल घड्याळाकडे पाहत होती. देवरावांनी पेनाला टोपण लावले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत राहिली. जेवताना त्यांनी हळूच विचारले, "रागावली काय वं?" ती ताट घेऊन उठली. पहाटे झोपेतच देवरावांचे हृदय थांबले.

फ्लॅट दुसऱ्याने घेतला. मी औषधांच्या खणात पडून राहिले. काचेवर धूळ बसली, कडे काळवंडले. तो खण कुणी उघडतच नव्हते.

उन्हाळा सरल्यावर पायलने मला बाहेर काढले आणि ओढणीने पुसले. तिने दुसरे घर पाहिले होते, आणि कर्जासाठी दुसरी बँक. तिथे नंदिनी नावाच्या अधिकारी होत्या. पायलने मागण्याआधीच त्यांनी करारनाम्याची प्रत पुढे केली. व्याज वाढल्यास काय होईल, मुदतीआधी कर्ज फेडल्यास काय लागेल, ती पाने उघडून दाखवली. "घरी न्या. नाही समजलं तर परत या," म्हणाल्या.

पायलने ते कागद देवरावांच्या रिकाम्या खाटेवर पसरले. ओळीवर बोट ठेवून, अगदी त्यांच्यासारखी, ती मोठ्याने वाचू लागली. स्वयंपाकघरात सिंधूताईंचा हात थांबला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू पुसून जपाव्यात, पण त्याहून जपावा तो आपल्यासाठी सावकाश वाचत बसणारा माणूस. त्याच्यासमोर घड्याळ पाहू नये.

तिसऱ्या पानावर पायल थांबली. तिने मला उशीवर ठेवले, माझी मूठ देवरावांचा हात असायचा त्या बाजूला करून.

"बाबा, वाचा तुम्ही," ती म्हणाली. "मले घाई नाही."