लांब पाठीची फ्रेम

मित्रांनो, मी एका प्रवासी सायकलीची जुनी पोलादी फ्रेम आहे. माझी चाकं बदलली, सीट तर चारदा बदललं. मी मात्र तीच आहे.

सायकलवेड्या असमारा शहरात बेराकींनी तरुणपणी मला घडवलं; आता सगळे त्यांना अबोय, म्हणजे बाबा, म्हणतात. नळ्या पितळेनं झाळल्या आणि माझी मागची बाजू मुद्दाम लांब ठेवली, कारण मी टपालवाल्यासाठी होते. बावीस वर्षं मी डोंगरातल्या गावांना पत्रं पोहोचवली. एकदा नळी तडकली, तर गावच्या लोहारानं भात्यावर सांधून दिली. लोक कौतुक करायचे, मला फार बरं वाटायचं. मग टपालवाला निवृत्त झाला आणि मी दुकानाच्या खुंटीवर धूळ खात राहिले.

"अहो, ही भंगारात द्या. शेगडीला पाय तरी होतील," बेराकींची बायको लेमलेम सारखं म्हणायची. शेवटी बेराकी हो म्हणाले. सोमवारी माझ्यावर करवत चालणार होती.

शनिवारी निग्स्ती आली. शर्यती जिंकणारी पोर. पण तिची फ्रेम मोडली होती. केरेन शहराच्या पलीकडे राहणाऱ्या तिच्या बहिणीचे दिवस भरले होते. बाळंतिणीसाठी जवाचं पीठ आणि तूप न्यायचं होतं.

"बसनं जा की," बेराकी म्हणाले.

"बस केरेनपर्यंतच, अबोय. पुढं पीठ काय डोक्यावर नेऊ?"

खुंटीवर आम्ही दोघी होतो. दुसरी निळी, शर्यतीची, तीही पोलादीच. आमच्याकडे फ्रेम निवडायची रीत एकच: एका बोटावर उचलून बघायची. निळी अलगद उचलली गेली. माझ्या वजनानं निग्स्तीचं बोट वाकलं.

"अबोय, हा उंट कशाला टांगून ठेवलाय?"

सगळे हसले. मला रडू आलं.

बेराकींनी निळीला चाकं चढवली. निग्स्ती गल्लीत फेरी मारून आली. "हीच!"

आमच्याकडे पाहुण्याला कॉफीचे तीन कप देतात; लेमलेम दुसरा भरत होती. "पोरी, रिकामी सायकल कुणीही पळवेल. पिठाची पिशवी लाव की तिला."

पिशवी मागच्या चाकाच्या बाजूला लावली. निळीची पाठ आखूड, त्यामुळे दर पायडलला निग्स्तीची टाच पिशवीवर आपटू लागली. पिशवी उसवली, पीठ रस्त्यावर सांडलं. निग्स्ती तिथंच बसून ओंजळीनं पीठ गोळा करू लागली.

"आता पोचू कशी मी?" तिचे डोळे भरले.

"तिसरा कप घेतल्याशिवाय उठायचं नसतं. बस," बेराकी म्हणाले आणि तीच चाकं मला चढवू लागले. लेमलेमनं पिशवी शिवली, घरचं पीठ भरलं. या वेळी टाच कुठंच लागली नाही. निग्स्तीनं माझ्या नळीवरची धूळ ओढणीनं पुसली. किती वर्षांनी कुणी मला पुसलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोहोचलो, आणि त्याच संध्याकाळी बहीण बाळंत झाली. आमच्याकडे मुलगा झाला तर बायका आनंदानं सात किलकाऱ्या देतात, मुलगी झाली तर तीन. मी भिंतीला टेकून मोजत होते. एक, दोन, तीन. मुलगी! आत आमच्या पिठाची लापशी शिजत होती. निग्स्ती बाहेर आली आणि पिठाळ हातानं मला थोपटून म्हणाली, "पोचवलंस गं."

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी असं टांगलेलं असेल, तर खाली घ्या. तेल द्या, थोडं ओझंही द्या. ओझ्याचं आम्हांला काही वाटत नाही हो. कुणी काहीच दिलं नाही, की वाटतं.