झोपेच्या खोलीतले तेहतीस अंश

मी एक सेन्सर बोलतोय. काडेपेटीएवढा, पांढरा, पोटात एक बॅटरी. खोलीतली हवा किती तापली, किती दमट झाली, एवढंच मला कळतं आणि ते मी वायरीविना ऑफिसातल्या स्क्रीनला कळवतो. खोटं बोलणं मला जमत नाही. म्हणूनच त्या दुपारच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

आम्ही पाच भावंडं एका पाळणाघरात आलो. तंत्रज्ञानं आम्हाला टेबलावर ओळीनं मांडलं आणि लॅपटॉपवर एकेकाला नाव दिलं: ऑफिस, स्वयंपाकघर, झोपेची खोली, सामानाची खोली, खेळायची खोली. मी चौथा, म्हणजे सामानाची खोली. आमच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तोच त्याचा फोन वाजला नि तो बाहेर गेला.

इकडे मुलांच्या जेवणाची वेळ झाली. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी फडकं घेऊन आल्या. त्यांना स्वच्छतेचं भारी वेड! आम्हाला उचललं, टेबल लख्ख पुसलं, आमच्याही पाठी पुसल्या आणि पुन्हा ओळीत ठेवलं. फक्त मी तिसरा झालो आणि तिसरा चौथा. माझी तर बोबडीच वळली. ओरडावं म्हटलं, पण तोंड कुठे आहे मला? तंत्रज्ञ आला, ओळ बघून चिठ्ठ्या लावून मोकळा झाला. मी झोपेच्या खोलीच्या भिंतीवर चढलो. स्क्रीनवर मात्र मी सामानाची खोलीच राहिलो.

महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. मग एका थंड दुपारी झोपेच्या खोलीतला हीटर बिघडला, तापतच सुटला. खिडक्या बंद, नऊ तान्ही मुलं झोपलेली. अठ्ठावीस, तीस, तेहतीस अंश! मी जीव तोडून कळवत होतो. ऑफिसात भोंगा वाजला आणि पाळणाघराच्या बाई धावल्या. कुठे? सामानाच्या खोलीकडे!

"अगंबाई, इथे तर गारठा आहे," बाईंचा आवाज आला. "नवं यंत्र आणि लगेच डोकं फिरलं त्याचं. बंद करते तो भोंगा."

आणि केलाही. चौतीस.

तेवढ्यात मावशी आत आल्या. झोपलेल्या प्रत्येक बाळाच्या मानेला हात लावून बघायचा, ही त्यांची रोजची सवय. पहिल्याच मानेला हात लागला आणि त्या किंचाळल्या, "बाई, धावा! लेकरं भाजून निघालीत!"

खिडक्या उघडल्या, हीटर बंद झाला, मुलं बाहेर नेली. सगळी वाचली. सगळ्यांत धाकटीला रडू फुटायला मात्र फार वेळ लागला.

संध्याकाळी तंत्रज्ञानं मला उतरवून तपासलं. पाठीवर 'झोपेची खोली', लॅपटॉपवर 'सामानाची खोली'. "चिठ्ठ्या लावायच्या आधी हे कुणी हलवले होते का?"

मग मावशी म्हणाल्या, "मी, दादा. टेबल पुसायला."

"आणि मी न तपासता चिठ्ठ्या लावल्या," तो हळूच म्हणाला.

आता स्क्रीनवरही माझं नाव बदललंय आणि माझ्या कपाळावर मावशींच्याच अक्षरात 'झोपेची खोली' लिहिलंय. रोज दुपारी मावशी बाईंना माझा आकडा विचारून येतात आणि तरीही एकेका मानेला हात लावतात. पूर्वी मला राग यायचा. मी असताना हात कशाला? आता तो हात यायला जरा उशीर झाला, तर माझाच जीव खालीवर होतो.

मावशी, माझं ऐकत जा. पण हात लावणं सोडू नका.