सीवर जागा नाही

बाबा डोळ्यांनी बोलत. पडद्याखालचा कॅमेरा त्यांची नजर टिपायचा. नजर अक्षरावर टेकली की अक्षर उमटायचं, आणि वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते मोठ्यानं म्हणायचा. हातापायांनी आणि जिभेनं कधीच राजीनामा दिला होता. उरलं होतं ते हे यंत्र, आणि आता यंत्र म्हणत होतं:

ही आवृत्ती महिनाअखेरीस बंद होईल. नवी आवृत्ती बसवा.

"रविवारी येतो मी," दादा फोनवर म्हणाला. "तोवर हात लावू नकोस."

"तुझा रविवार गेले तीन महिने येतोय," ती म्हणाली, आणि फोन ठेवून हात लावला.

सी ड्राइव्हवर पुरेशी जागा नाही.

डिस्कची ही वाटणी बाबांचीच, हात चालत होते तेव्हाची. सारा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलेला माणूस. सीला जेमतेम खोलीभर जागा, उरलेलं मैदान डीला. "प्रोग्रामना जास्त जागा दिली की ते लाडावतात," म्हणायचे. "अंथरूण पाहून पाय पसरू देत."

मैदान अजून मोकळंच होतं. तिनं इन्स्टॉलरला डी दाखवला. तो हो म्हणाला आणि तरीही सीवरच जागा मागत राहिला. घर डीत बांधणार, पण विटा उतरवणार सीच्याच अंगणात!

तिनं फोटो हलवले. पुरलं नाही. डाउनलोडचं फोल्डर साफ केलं, मग कचरापेटीही रिकामी केली. लॅपटॉप तापला, तसा उभा पंखा ओढून आणला आणि त्याच्या अंगावर पूर्ण वेगात सोडला.

जुनी आवृत्ती काढल्यास जागा होईल.

बाबांची नजर अक्षरांवरून सरकू लागली. जु. नं.

तिला धीर नसे. बाबांचं वाक्य दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरावर ती स्वतःच पुरं करून टाकी. पुष्कळदा ते बरोबर निघे, म्हणून खोड जडलेली.

"जुनं काढू ना? हो, हो, तेच करतेय," ती म्हणाली, बाबांच्या अक्षरांची खिडकी पडद्यावरून बंद केली आणि जुनी आवृत्ती काढून टाकली.

नवी आवृत्ती बसत आहे.

बसत आहे.

बसत

जागा अपुरी. बदल मागे घेत आहे.

मागे. नव्या फायली गेल्या. मागे. नवं चिन्ह गेलं. मागे, मागे, आणि इन्स्टॉलर आपल्या पहिल्या पायरीपाशी येऊन थांबला. त्याआधी तिनं स्वतःच्या हातानं जे काढलं होतं, ते परत आणणं त्याच्या कामात बसत नव्हतं. पडदा स्वच्छ झाला. त्यावर एकही अक्षर नव्हतं.

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकून उशाशी ठेवला.

"मग जुनीच पुन्हा टाक की," दादा म्हणाला. "तिची फाइल मी डाउनलोडमध्ये ठेवलीय."

तिनं पडद्यावरच्या रिकाम्या कचरापेटीकडे पाहिलं.

"अगं?"

"जागा करत होते."

"शाबास! कंपनी आता जुनी देत नाही, माहितेय? तेलही गेलं, तूपही गेलं."

"बाबा ऐकतायत, दादा."

दादाचा आवाज उतरला. "ते काही बोलले नाहीत?"

जुनं. त्या शब्दापुढे 'ठेव' होतं. तिला ते आत्ता ऐकू आलं.

"नाही," ती म्हणाली, आणि फोन बंद केला.

बाबा तिच्याकडे पाहत होते. मग पलीकडे. मग पुन्हा तिच्याकडे. काहीतरी सांगायचं होतं, आणि काय ते तिला कळल्यासारखं वाटलं. डिस्कचा कानाकोपरा यांच्याइतका कोणाला ठाऊक? कुठेतरी जुन्या फाइलची प्रत ठेवलीच असणार. स्टोअरवाला माणूस!

"मी अक्षरं म्हणते. आलं की वर बघा."

क. ख. ग. ती म्हणत गेली. 'प'ला नजर वर गेली.

"प! प, पा... पार्टिशन! बाबा, पार्टिशन ना?"

नजर हलली नाही.

"पासवर्ड?"

नाही. ती नाइलाजानं बाराखडी पुढे म्हणत गेली. पि, पी, पु, पू, पे, पै, पो, पौ.

"पं."

वर.

पुन्हा क. ख. वर. ख, खा. वर.

ती उठली आणि पंखा बंद केला. त्याच्या घरघरीखाली खोली इतकी गप्प आहे, हे आता कळलं. पंख्याच्या झोतानं पांघरूण बाबांच्या अंगावरून बाजूला सरकलेलं होतं. तिनं गारठलेल्या तळव्यांना हात लावला आणि दचकून काढून घेतला. मग पुन्हा लावला, पावलं चोळली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. इन्स्टॉलरशी भांडत असताना तिची पाठ सारा वेळ त्यांच्याकडे होती.

"रविवारपर्यंत असंच चालवू या, हं? मी मधे बोलणार नाही. अजून काय हवंय?"

खुर्ची अगदी समोर ओढून तिनं सुरुवात केली. क. प्रत्येक अक्षरानंतर थांबत, त्यांच्या डोळ्यांत पाहत. ख. ग. डोळे उघडे होते, पापण्या लवत होत्या, नजर तिच्याकडेच होती.

ती ज्ञपर्यंत पोचली. नजर एकदाही वर गेली नाही.

"हळू म्हणू का?" तिनं विचारलं, आणि पुन्हा क म्हणाली.