नखवाल्याची पंधरावी खुर्ची

गुरुवारी दुपारी सव्वातीनला मी एका शिलाईच्या दुकानात, मशीन आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उताणी पडले होते. तोंडात टॉर्च, छातीवर वही आणि तोंडावर खुर्ची.

बावन्नाव्या वर्षी बाईमाणसाने परक्या दुकानात असं पडू नये, हे मला कळतं. पण आमच्या मंडळाची रीतच ती. दर महिन्याला आम्ही कुणाच्या तरी घरी जातो, चहा घेतो, मुलाबाळांची चौकशी करतो आणि मग त्यांच्या खुर्च्या उलट्या करतो. खुर्चीचं तोंड वर असतं पण चेहरा खाली असतो, असं आमचे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मंडळ त्यांनीच काढलं. दुसऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई. त्या दातांच्या. सांध्यात डोकवायचा छोटा आरसा त्या दवाखान्यातून आणतात. (धुऊन परत नेतात. मी विचारलंय.) तिसरी मी. शाळेच्या ऑफिसात कारकून, शिक्षण बेताचं, लाकडाबद्दल जे काही कळतं ते गुडघे झिजवून कळलेलं.

आमच्या भागात एक जुनी खुर्ची सापडते. पाठीला पाच पट्ट्या, खाली जवळ आणि वर फाकलेल्या, उघडलेल्या पंख्यासारख्या. दुसरीकडे कुठे अशी मी पाहिली नाही. सहा वर्षांपूर्वी अशाच एका खुर्चीच्या बैठकीखाली मला एक खूण दिसली. कुणी ओल्या मातीत नख रुतवावं तशी बारीक कोर, आणि तिच्या डाव्या टोकाशी केसाएवढी फट. मग दुसऱ्या खुर्चीखाली तीच. मग तिसऱ्या. चौदा खुर्च्या झाल्या. हा माणूस शंभर वर्षांपूर्वीचा, एकच, आणि पंख्याची खुर्ची घडवली ती यानेच, असं मी मांडलं. नाव ठेवलं नखवाला. त्या फटीवर तर मी दीड पान लिहिलं होतं. पूर्णत्वाच्या काठावर कारागिराने मुद्दाम सोडलेला श्वास, वगैरे वगैरे.

येत्या रविवारी संग्रहालयात त्या चौदा खुर्च्यांची खोली उघडणार होती. पाटी छापून तयार होती: ‘नखवाला: एक अज्ञात कारागीर’. खाली, संशोधन म्हणून, माझं नाव. पगारपत्रक सोडलं तर माझं नाव आजवर कुठे छापलेलं नाही. म्हणून सांगते, रविवार काही माझ्यासाठी साधासुधा नव्हता.

शिंपीणबाईंची ही पंधरावी खुर्ची. टॉर्चचा उजेड फिरवला आणि माझ्या घशातून आवाजच फुटला. एक नव्हे, दोन नखं. शेजारी शेजारी.

“काय झालं? झुरळ?” शिंपीणबाई वरून म्हणाल्या.

“दोन आहेत!” मी टॉर्च तोंडातून काढून ओरडले. “मास्तर, दोन!”

“मग मारा की चप्पल घेऊन.”

मास्तरांनी त्यांना समजावलं, की आम्ही एका थोर कारागिराची खूण शोधतोय. शिंपीणबाईंनी दातात धरलेली टाचणी काढली आणि माझ्याकडे वाकून बघितलं.

“ते नखासारखं ना? ते या टेबलाखालीपण आहे.”

इस्त्रीचं टेबल प्लायचं होतं. कडेला सनमायका उचकटलेला आणि कारखान्याचं स्टिकर अजून चिकटलेलं. मी कुशीवर वळून टेबलाखाली टॉर्च मारला. कोर. डाव्या टोकाशी फट.

डॉक्टरीणबाई आरसा घेऊन खाली बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि दात काढायचाच आहे असं सांगताना त्या ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात म्हणाल्या, “ही फट म्हणजे टवका आहे हो. सुताराच्या गोल पटाशीच्या धारेचा टवका उडालाय. जिथे मारली तिथे तसाच उमटतो.”

“पण हे टेबल तर—”

“माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळचं,” शिंपीणबाई म्हणाल्या. “तीस वर्षं झाली. तेव्हाच ते दुरुस्तीवाले काका पहिल्यांदा आले. टेबलाचा पाय आणि ही खुर्ची, दोन्ही करून दिलं. मग बारा वर्षांपूर्वी खुर्ची पुन्हा डगडगायला लागली, पुन्हा आले. दर दुरुस्तीला एक नख. मी विचारलं होतं, काका हे कशाला? म्हणाले, पुन्हा निखळली तर कळावं, की आधी माझ्याच हाताखालून गेलीय.”

मास्तर मटकन त्याच खुर्चीवर बसले. सहा वर्षं आम्ही फक्त पंख्याच्या खुर्च्या उलट्या केल्या होत्या. ज्या दिसायला देखण्या, त्याच. शेजारचं स्टूल, पाट, प्लायचं टेबल यांच्याकडे आमच्यापैकी कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. सगळ्या गावात नखं होती आणि आम्ही चौदा मोजून इतिहास लिहून मोकळे.

एवढ्याने संपलं असतं तर मी घरी जाऊन रडले असते, जेवले असते, झोपले असते.

पण शिंपीणबाईंना आता रंग चढला होता. “फार मजेशीर हो काका. सायकलवर यायचे. कानामागे पेन्सिल, तिला लाल दोरा गुंडाळलेला, घामाने निसटू नये म्हणून. खुर्ची उचलली की आधी तिच्याशीच बोलायचे. काय मावशी, गुडघे दुखतात का?”

टॉर्च माझ्या हातातून पडला आणि घरंगळत मशीनखाली गेला.

पेन्सिलीला लाल दोरा मी गुंडाळायचे. सातआठ वर्षांची असताना, दर रविवारी, दाराच्या पायरीवर बसून. माझे वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते आणि रविवारी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खुर्च्या नीट करून द्यायचे. प्रत्येक खुर्चीला विचारायचे, काय मावशी, गुडघे दुखतात का? मी नऊ वर्षांची असताना ते कामासाठी दुसऱ्या गावी गेले आणि तिकडेच तापाने वारले. आईने मला मांडीवर घेऊन सांगितलं. त्याला त्रेचाळीस वर्षं झाली.

बारा वर्षांपूर्वी ते या दुकानात चहा पीत होते.

“तुम्हाला घाम आलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“शिष्य असेल,” मी म्हटलं. माझंच मला ऐकू आलं. “त्यांचा कुणी शिष्य असेल. हत्यारं त्याच्याकडे गेली असतील. बोलणंसुद्धा उचलतात माणसं.”

“कुणाचा शिष्य?” मास्तर म्हणाले.

मी चपला घातल्या आणि निघाले. बऱ्याच पुढे गेल्यावर लक्षात आलं, की एक माझी आणि एक शिंपीणबाईंची.

घरी आई तिच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होती. ही खुर्ची सांगण्यासारखी नाही. सरळ पाठ, चॉकलेटी ऑइलपेंटचे चार थर, बैठकीला रेक्झिन. मागचा उजवा पाय डुगडुगतो. सुताराला बोलावते म्हटलं की आई म्हणते, राहू दे, मला सवय आहे. खुर्च्यांच्या अभ्यासकाच्या घरात लंगडी खुर्ची, असं मास्तर मला वर्षातून दोनदा चिडवतात.

“आई, ऊठ.”

“का?”

“खुर्ची बघायचीय.”

“गावभर बघतेस तेवढं पुरे नाही का? घरातल्या खुर्च्या बसायला असतात.”

“ऊठ गं.”

तिने माझ्या पायांकडे बघितलं, दोन वेगळ्या चपलांकडे. मग चष्मा काढून पेपरवर ठेवला आणि उठली, भिंतीला धरून उभी राहिली. मी खुर्ची उलटी केली.

एक. दोन. मी बोट लावून मोजत गेले. सात. पाच रंगाखाली बुजलेली, दोन उघड्या लाकडावर. सगळ्यांच्या डाव्या टोकाला फट.

शिष्य वगैरे गेला उडत. मी त्या चार पायांच्या मधे बसून राहिले. आईच्या डोक्यावरच्या घड्याळाचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं.

“वर्षाकाठी यायचा असं काही नाही,” आई म्हणाली. “पाचसहा वर्षांनी एखादी खेप.”

जन्मभर आई वडिलांना ‘ते’ म्हणत आली. त्यांच्या फोटोसमोरसुद्धा. आज एकेरीत ‘यायचा’ म्हणाली, आणि मला कळलं की ती इतकी वर्षं मेलेल्या माणसाला मान देत होती. हा दुसराच कुणी होता, जिवंत, भांडण्याजोगा.

“तू मला सांगितलंस की ते वारले.”

“तिकडे दुसरं घर केलं त्याने. नऊ वर्षांच्या पोरीला ते कसं सांगतात, तू सांग मला. वारले हे सोपं होतं. तू आठ दिवस रडलीस, मग शाळेत गेलीस.”

“आणि मग?”

“तू बारातेरा वर्षांची असताना एक दिवस दारात उभा. तू शाळेत होतीस. मी म्हटलं, तुम्ही गेलात, पोरीला सांगून झालंय, तिचं रडूनही झालंय. आता पुन्हा उठून बसू नका. तर म्हणाला, बरं. मग म्हणाला, खुर्ची बरी आहे का?”

“खुर्ची?”

“बरी नव्हती. म्हटलं, आलाच आहात तर करून जा.”

मला हसू आलं. हसूच होतं ते बहुतेक, कारण आईही ओठ दाबून उभी होती.

“सात वेळा मोडली ही?”

“मोडायला काय लागतं? जरा मागे रेलून झुललं, दोनचार महिने, की निखळतो पाय.” आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. “मग वखारीतल्या कारकुनाकडे निरोप ठेवायचा. तू ऑफिसला गेलीस की यायचा. दोन तास काम. चहा. तुझी चौकशी करायचा, मी सांगायचे. मग जायचा, तुझ्या वाटेत न येता. तेवढं मी बजावलं होतं.”

लहानपणी मी खुर्चीत मागे रेलले की पाठीत धपाटा बसायचा. रेलू नकोस, पाय निखळतील. तो धपाटा मला आत्ता, बावन्नाव्या वर्षी, पुन्हा बसला.

“आता आहेत?”

“सात वर्षांपूर्वी निरोप ठेवला होता. आला नाही. मग कारकुनानेच कळवलं.” तिने खुर्चीच्या पायाकडे बोट केलं. “तेव्हापासून पाय हलतोय. हलू दे.”

म्हणजे माझे वडील दोनदा गेले होते, आणि दुसऱ्या वेळी मी ऑफिसात बसून कुणाचे तरी शाळा सोडल्याचे दाखले लिहीत होते. आईने त्या दिवशी काय केलं असेल? मला आठवलं नाही. आठवण्यासारखं तिने काही केलंच नसावं.

दोन दिवस आम्ही घरात जपून बोललो, कुणीतरी आजारी असल्यासारखं. मी विचारलं, कसे दिसायचे? ती म्हणाली, म्हातारे. पुन्हा ‘ते’ झाले होते. शनिवारी मी जेवताना म्हटलं, “आई, उद्या मला उभं राहून सांगायला लागेल की नखवाला कुणी कारागीर नव्हता. नाहीतर ती खोटी पाटी लोक वर्षानुवर्षं वाचत राहतील. मग विचारतील, कोण होता? नाव सांगू?”

आईने घास चावून पुरा केला. “सांग. नाव सांगायला काय, गावाने बघितलंय त्यांना. फक्त आपल्या खुर्चीचं बोलू नकोस.”

“संशोधनात असं लपवता येत नाही.”

“संशोधन तुझं. खुर्ची माझी.”

रविवारी संग्रहालयाच्या त्या खोलीत साठेक माणसं होती. चौदा खुर्च्या भिंतीला लावून, पाटीवर कापड. मी उभी राहिले आणि म्हणाले, मी सहा वर्षं चूक केली. मग सगळं सांगितलं. प्लायचं टेबल, टवका, दीड पानाचा श्वास. लोक हसले, बरं वाटलं. संग्रहालयाच्या प्रमुख बाई हसल्या नाहीत, त्यांनी पाटीवरचं कापड हळूच आणखी खाली ओढलं. मी म्हटलं, खुर्च्या कुणी घडवल्या ते मला माहीत नाही. त्या आजवर टिकल्या कुणामुळे, ते माहीत आहे. आणि वडिलांचं नाव घेतलं. शेवटचं अक्षर नीट निघालं नाही, पण घेतलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच वापरला.

मागून एका तरुणीने विचारलं, “एकाच खुर्चीला जास्तीत जास्त किती खुणा सापडल्या?”

शिंपीणबाई पहिल्या रांगेत होत्या, माझी चप्पल पायात घालून. त्यांनी मान ताठ केली.

“दोन,” मी म्हणाले. “शिलाईच्या दुकानातल्या खुर्चीला.”

सहा वर्षांच्या नोंदींमधली ही पहिली जाणूनबुजून केलेली चूक. वहीत तशीच उतरवली.

संध्याकाळी घरी आले. आईची खुर्ची पुन्हा उलटी केली. डुगडुगणारा पाय सांध्यातून उपसला. खाच मोठी झाली होती, पायाभोवती काहीतरी गुंडाळल्याशिवाय तो घट्ट बसणार नव्हता. भाषणाच्या कागदांतून ते दीड पान काढलं, चार घड्या घातल्या, सरस लावला आणि पायाला गुंडाळून ठोकून बसवला. डॉक्टरीणबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, दाढ भरलीत.

“उद्या सकाळपर्यंत बसायचं नाही,” मी म्हटलं.

आई सकाळी बसली. पेपर उघडला. एक बातमी वाचून झाली, पान उलटलं. मग पाय जमिनीवर रोवून, मागची भिंत अंदाजाने किती लांब आहे ते बघून, ती अगदी हलकेच मागे रेलली.