न उचललेले फोन

कानाचं यंत्र मी कपाटात अस्तराच्या कापडांखाली टाकून दिलं होतं. कानात घातलं की शिट्टी मारायचं, आणि माणसांचं बोलणं सोडून नेमकी पंख्याची घरघर मोठी करायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सवय होते हो. आम्ही पाहणी केलीय, जवळजवळ सगळे खूश आहेत." म्हणजे सगळं जग सुखी आणि मीच तेवढी करंटी!

शिवणाचा क्लास महिनाअखेर बंद करायचं मी ठरवून टाकलं. एके काळी फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी कुणाच्या मशीनमध्ये दोरा अडकलाय, ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. आता मुली गळा किती खोल ठेवू विचारायच्या आणि मी बाहीचं माप सांगायचे. त्या बिचाऱ्या हसायच्याही नाहीत, याचंच जास्त वाईट वाटायचं.

"सगळे खूश" हा शोध लावणाऱ्यांत माझी सख्खी भाची होती. यंत्र घेतलेल्यांना फोन करून "आता नीट ऐकू येतं का?" विचारायचं, हे तिचं काम. तीनदा करूनही कुणी उचलला नाही तर नाव गाळायचं. मीही उचलला नाही. तेव्हा मावशीला चार शब्द सुनवावेत म्हणून बाईसाहेब थेट घरी आल्या. बेल वाजवली, मी जागची हलले नाही. मग तिने खिडकीतून डोकावत पुन्हा फोन लावला.

मी कापड बेतत होते. फोन माझ्या कात्रीशेजारी केकाटत होता म्हणे, आणि मी आपली शांतपणे खडूने रेघा मारत होते.

मान वर केली तर खिडकीत भाची, रडवेली. आत येऊन तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मावशी, चुकलंच गं आमचं! ज्यांना ऐकू येतं तेच फोन उचलणार, आणि आम्ही त्यांनाच विचारतोय, ऐकू येतं का म्हणून!"

"मग बाकीचे?"

"गाळले. तुझ्यासारखे."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी फणकारले. पण खरं सांगते, तिला मिठी मारावीशी वाटत होती. करंटी मी एकटीच नव्हते तर!

मग ती गाळलेल्या प्रत्येकाच्या दारात गेली. कुणाचं यंत्र फडताळात, कुणाचं नातवाच्या खेळण्यांत. बहुतेकांचा कानात बसवायचा साचाच सैल होता, शिट्टी त्यामुळेच. तिने अहवाल नव्याने लिहिला, तसा खूश लोकांचा आकडा धाडकन खाली आला. साहेबांची बोलणी खाल्ली, पण आम्हा सगळ्यांना नवे साचे करून दिले. पोरीचं भलं होवो.

काल क्लासात फळ्यावर बाहीची आकृती काढत होते. मागे मशिनी खडखडत होत्या. त्यांतल्या एकीचा आवाज बिघडला.

"खिडकीपाशी कोण बसलंय गं? थांब, तुझ्या बॉबिनमध्ये दोरा गुंतलाय."

सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. मी मात्र वळले नाही. हात खडूने भरले होते, आणि डोळे पुसायला दुसरं काही जवळ नव्हतं.