दोन टाक्यांमधला मासा

तुडतुडी हे नाव तिला मावशीनं दिलं होतं, कारण ही मुलगी एका जागी बसेल तर शपथ! शाळा सुटली की दप्तरासकट ती मावशीच्या प्रयोगशाळेत हजर. तिथल्या मागच्या खोलीत काचेच्या दोन टाक्या, मध्ये जेमतेम वीतभर जागा. डावीकडे ‘थोरल्या’, उजवीकडे ‘धाकट्या’. दोन्ही जातींचे मासे बोटभर, रुपेरी, सख्ख्या बहिणींसारखे. पण धाकट्या कुठल्याही नदीत मिळायच्या, आणि थोरल्यांचं एकुलतं एक तळं आटून गेलेलं. आता जगात त्या उरल्या होत्या फक्त या टाकीत. दोघी एकत्र आल्या की संकर व्हायचा, पिल्लं अधलीमधली निपजायची. असं होत राहिलं, की अस्सल थोरल्या कायमच्या संपल्या.

त्या दुपारी मावशी पुढच्या खोलीत फोनवर होती. तुडतुडी गुणगुणत आत शिरली आणि थबकली. दोन्ही टाक्यांची झाकणं सरकलेली, आणि खाली फरशीवर, बरोब्बर मधोमध, एक मासा तडफडत होता.

विचार करायला वेळ कुणाला! तिनं तो ओंजळीत उचलला आणि हाताशी आलेल्या पाण्यात सोडला. डावीकडच्या. मासा वळवळला, घोळक्यात शिरला, दिसेनासा झाला.

मग तिच्या लक्षात आलं. हा आला होता कुठल्या टाकीतून?

दाराशी पाण्यानं भरलेली बादली होती; मासा तात्पुरता तिच्यात सोडता आला असता. तीही मेली आत्ताच दिसायची होती! थोरल्या उद्यापरवा अंडी घालणार होत्या. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं तर… ती पुढच्या खोलीकडे धावली.

“मावशी…”

“काय गं, तोंड एवढंसं का? काही फोडलंस?”

“फोडलं असतं तर बरं झालं असतं.”

तिनं सगळं सांगितलं. मावशी ओरडली नाही, आणि त्यानंच तुडतुडीची पाचावर धारण बसली. मावशीनं जाळी घेतली. तिसऱ्या खेपेला तो सापडला. एका अंगाला फरशीनं खरचटलेला, शेपटीला धूळ.

“थोरलीला बाजूच्या रेषेवर अडतीस खवले, धाकटीला चौतीस,” ओल्या बशीवर भिंग धरत मावशी म्हणाली. “न खरचटलेली बाजू मोज. मोठ्यानं.”

तुडतुडी मोजू लागली. तिसानंतर ती एकेक खवला सावकाश मोजू लागली. चौतीस झाले. अजून होते. पस्तीस. छत्तीस. संपले.

“परत मोज.”

परत छत्तीसच.

“म्हणजे ही थोरलीही नाही, धाकटीही नाही,” तुडतुडी पुटपुटली. “अधलीमधली. पण मावशी, मी तर आत्ता सोडला! हा चांगला मोठा आहे.”

“वर्षाच्या वरचा.” मावशीनं भिंग खाली ठेवलं. “दोन वर्षांपूर्वी झाकण असंच सरकलं होतं. मासा असाच खाली पडला होता. मीही हाताशी आलेल्या पाण्यातच सोडला. डावीकडच्याच.”

“मग प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना काय सांगितलंस?”

मावशीनं नजर टाकीकडे वळवली. डावीकडच्या टाकीत शंभरेक रुपेरी मासे एकाच वेळी वळले, सगळे अगदी एकसारखे.

“बादल्या आण,” शेवटी ती म्हणाली. “असतील नसतील तेवढ्या. एकेक मासा मोजायचाय. आणि मला साहेबांना फोन करायचाय.”

तुडतुडी वळली, पण आयुष्यात पहिल्यांदाच तिचे पाय जागचे हलेनात.